मांडवावर पाने जास्त आणि वायवर कमी का दिसतात: द्राक्षबागेच्या परावर्तनाचे मॉडेल कसे बसवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एकमेकींना लागून दोन द्राक्षबागा आहेत. एक मांडवावर (डोक्यावर तारांचे सलग छत, त्यावर वेली), दुसरी वाय पद्धतीची (वाय आकाराच्या आधारांवर वेलींच्या वेगळ्या ओळी), ओळी उत्तर-दक्षिण, अंतर ९ बाय ५ फूट. डिसेंबरअखेरच्या सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रावर प्रोसेल मॉडेल उलटे चालवून (म्हणजे दिसलेल्या परावर्तनावरून पानांचा अंदाज घेऊन) पर्णक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एलएआय (दर चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पाने), काढला. मांडवाचा ३.४ आला, वायचा १.३. झाडावरची पाने तोडून मोजली तेव्हा मांडवात २.० आणि वायमध्ये २.४ निघाला. चूक उपग्रहाच्या आकड्यांत आहे, वातावरणाच्या दुरुस्तीत आहे, की मॉडेलमध्ये?

मुख्य चूक मॉडेलला बागेचा आकार न सांगण्यात आहे. दोन्ही आकडे चुकले ते एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या गृहीतकांमुळे, आणि त्या चुका एकमेकींच्या उलट दिशेला गेल्या. म्हणून क्रमसुद्धा उलटला. हे कागदावर चार ओळींच्या हिशेबात दिसते, आणि तो हिशेब संगणक उघडण्याआधी करावा.

प्रोसेल ही दोन मॉडेलांची जोडी आहे. प्रॉस्पेक्ट हे मूळचे १९९० चे मॉडेल एका पानाचे परावर्तन देते: पानाची अंतर्गत रचना, हरितद्रव्य, पाणी आणि कोरडा भाग यांवरून. सेल हे १९८४ चे मॉडेल ती पाने एकावर एक रचून पूर्ण पर्णसंभाराचे परावर्तन काढते. सेलच्या दृष्टीने पर्णसंभार म्हणजे गढूळ पाण्यातला गाळ: बारीक कण सगळीकडे सारखे पसरलेले, डावीउजवीकडे कुठेही खंड नाही. गव्हाच्या शेताला हे बऱ्यापैकी लागू पडते, दाट मांडवालाही पडते. वाय पद्धतीच्या बागेला पडत नाही, कारण तिथे पानांची भिंत, मग मोकळी जमीन, मग पुन्हा पानांची भिंत असते.

आधी मांडव घ्या. वरून पाहिल्यावर पानांच्या फटींतून किती जमीन दिसेल, याचे सूत्र साधे आहे: दिसणारी जमीन = ई चा घात (वजा जी गुणिले एलएआय, भागिले पाहण्याच्या कोनाची कोसाइन). यातला जी म्हणजे पानाचे किती क्षेत्र पाहणाऱ्याच्या दिशेला तोंड करून आहे तो वाटा. पाने सर्व दिशांना सारखी वळलेली धरली (सरासरी कोन ५७ अंश, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून हेच भरलेले असते), तर जी ०.५ येतो. मांडवावरची पाने तशी नसतात. तारांच्या जाळीवर ती पसरून, आभाळाकडे तोंड करून पडलेली असतात; सरासरी कोन २५ ते ३५ अंश. अशा आडव्या पानांसाठी जी ०.८५ च्या आसपास जातो. खरा एलएआय २.० असेल तर पानांचे प्रत्यक्ष आच्छादन २.० × ०.८५ = १.७ इतके भासते, आणि मॉडेल त्याला ०.५ ने भागते: ३.४. तुमचा आकडा नेमका हाच. शिवाय आडवी पाने निकट-अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) जास्त परत फेकतात, त्यामुळे ‘पाने भरपूर आहेत’ या समजाला आणखी बळ मिळते.

आता वाय. ९ फूट म्हणजे २.७४ मीटर. पर्णसंभाराची रुंदी १.५ मीटर, तळ जमिनीपासून १.२ मीटरवर आणि माथा १.९ मीटरवर धरू (तुमच्या बागेत टेप लावून मोजा, शेंडा मारण्याच्या सवयीनुसार हे आकडे बदलतात). म्हणजे जमिनीचा ५५ टक्के भाग पानांखाली, ४५ टक्के उघडा. पूर्ण बागेचा एलएआय २.४ असेल तर ती सगळी पाने ५५ टक्के जागेत कोंबलेली आहेत, म्हणजे ओळीच्या आतला एलएआय ४.४. ओळीच्या फटींतून दिसणारी जमीन ई चा घात (वजा ०.५ × ४.४), म्हणजे ०.११. एकूण दिसणारी जमीन: ०.४५ + ०.५५ × ०.११ = ०.५१. हीच पाने बागभर सारखी पसरली असती तर फक्त ०.३० जमीन दिसली असती. मॉडेलला ०.५१ दिसते, आणि सारख्या पसरलेल्या पानांच्या हिशेबाने त्याचा एलएआय होतो १.३५. बाकीची पाने एकमेकांच्या मागे लपली. १.३५ भागिले २.४ म्हणजे ०.५६ हा तुमच्या बागेचा गुच्छांक, म्हणजे पाने गुच्छात असल्याने एलएआयचा किती वाटा दिसतो तो आकडा. एकच गुणक लावून आकडा दुरुस्त करण्याचा मोह होईल, पण तो आवरावा: हा गुणक ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे वाढतील तसा दर आठवड्याला बदलतो आणि सूर्याच्या कोनाबरोबरही बदलतो.

इथवर फक्त फटींचा हिशेब झाला. आता सावली, आणि नाशिकच्या अक्षांशावर हा भाग सगळ्यात जास्त फसवतो.

सेंटिनल-२ आपल्याकडे स्थानिक सौर वेळेनुसार सुमारे साडेदहाला येतो, म्हणजे घड्याळात अकरा ते सव्वाअकरा. २० अंश उत्तर अक्षांशावर त्या वेळी सूर्याचा डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन डिसेंबरअखेर सुमारे ४८ ते ४९ अंश असतो आणि जूनअखेर सुमारे २१ अंश. डिसेंबरात ऊन दक्षिणेपासून २८ अंश पूर्वेकडून येते. उत्तर-दक्षिण ओळीची सावली आडव्या दिशेने किती पडेल? १.९ मीटरचा माथा, त्याची आडवी सावली सुमारे १.० मीटर. उघडी जागा १.२४ मीटर. म्हणजे वरून दिसणाऱ्या उघड्या जमिनीपैकी ८० टक्के जमीन सावलीत असते. पिक्सेलचे भाग पाडले तर ५५ टक्के पर्णसंभार, ३७ टक्के सावलीतली माती आणि जेमतेम ८ टक्के उन्हातली माती. ज्या ‘जमिनीच्या परावर्तना’ची फाइल मॉडेलला दिली जाते, ती या ८ टक्क्यांपुरतीच खरी.

ओळी पूर्व-पश्चिम असतील तर गोष्ट आणखी वेगळी. डिसेंबरअखेर माथ्याची सावली उत्तरेकडे १.९ मीटर पडते, म्हणजे दोन ओळींमधली सगळी जमीन सावलीत. फेब्रुवारीच्या मध्यात ती सावली १.२७ मीटरवर येते, उघडी जागा जेमतेम झाकते. मार्चच्या मध्यात ०.७७ मीटर उरते आणि जवळजवळ ४० टक्के जमीन अचानक उन्हात येते. एकही पान न गळता, न वाढता एनडीव्हीआय (तांबड्या आणि निकट-अवरक्त परावर्तनांतल्या फरकावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) बदलतो, तोही नेमका काढणीच्या हंगामात. पूर्व-पश्चिम बागेत मार्चमध्ये ‘पाने गळायला लागली’ असा निष्कर्ष काढण्याआधी हा हिशेब करून पाहा. उत्तर-दक्षिण ओळींत हा बदल सावकाश होतो, म्हणून वर्षभराची तुलना त्यांच्यावर जास्त विश्वासाने करता येते.

सावलीतली माती काळी ठिक्कर असते असे समजू नका. तांबड्या पट्ट्यात, म्हणजे उपग्रह तांबडा प्रकाश मोजतो त्या भागात, ती बरीच काळी असते, कारण तिथे पान बहुतेक प्रकाश गिळते आणि सावलीत पोहोचतो तो फक्त आभाळाचा पसरलेला उजेड. निकट-अवरक्तात मात्र पान जेमतेम दहा टक्क्यांच्या आत गिळते. उरलेल्यातला जवळजवळ निम्मा परत फेकते आणि निम्मा आरपार सोडते. त्यामुळे पानाखालच्या सावलीत निकट-अवरक्त प्रकाश बऱ्यापैकी असतो. परिणामी सावलीतल्या मातीचाच एनडीव्हीआय उन्हातल्या मातीपेक्षा वर जातो. हिरवे काहीही नसताना माती थोडी ‘हिरवी’ दिसते. उलट चालवताना मातीची चमक मोकळी सोडली असेल तर मॉडेल सावलीला अधिक काळी माती समजते आणि एलएआय फटींच्या हिशेबावर जाऊन बसतो, म्हणजे तुमच्या १.३ वर. मातीची चमक पक्की बांधली असेल तर तीच सावली पानांच्या किंवा हरितद्रव्याच्या खात्यात जमा होते. दोन्हीकडे आकडा नीट दिसतो, जुळणीतली चूक कमी दाखवली जाते, आणि उत्तर चुकीचे असते.

म्हणून वाय बागेसाठी चार घटकांचे मॉडेल वापरा: उन्हातली पाने, सावलीतली पाने, उन्हातली माती, सावलीतली माती. चौघांचे क्षेत्र ओळीची दिशा, अंतर, रुंदी, उंची आणि सूर्याचा कोन यांवरून भूमितीने काढायचे. पानांचे वर्णपट (प्रत्येक पट्ट्यातले परावर्तन) प्रोसेलकडून ओळीच्या आतला एलएआय देऊन घ्यायचे. मग क्षेत्राच्या प्रमाणात बेरीज. हे स्प्रेडशीटमध्येही होते. यापेक्षा बारकाईने हवे असेल तर डार्टसारखे त्रिमितीय किरण-मॉडेल आहे, ज्यात खुंट, ओलांडा (वेलीची आडवी फांदी), तारा, बोद (ओळीतला मातीचा उंचवटा) सगळे उभे करता येते. पण डार्टमध्ये महिनाभर घालवण्याआधी चार घटकांचा हिशेब करावा, कारण चुकीचा मोठा वाटा तिथेच निघून जातो. मांडवाला यातले काही लागत नाही. तिथे साधे प्रोसेल ठेवा, फक्त पानांचा सरासरी कोन २५ ते ३५ मध्ये बांधा.

मातीचा वर्णपट कुठून आणायचा? बहुतेक जण सॉफ्टवेअरसोबत आलेला कोरड्या-ओल्या मातीचा नमुना तसाच वापरतात. निफाड-दिंडोरीच्या काळ्या जमिनीला आणि चांदवडकडच्या मुरमाड जमिनीला एकच नमुना चालत नाही. आपल्या भागात यावर एक फुकटचा उपाय आहे: एप्रिलमधली खरड छाटणी. छाटणीनंतर डोळे फुटेपर्यंत काही दिवस बाग जवळजवळ उघडी असते, आभाळ स्वच्छ असते, जमीन कोरडी असते. त्या दिवसांतल्या सेंटिनल-२ च्या चित्रांतून प्रत्येक बागेचा सगळ्यात कमी एनडीव्हीआयचा दिवस निवडा आणि त्याचे सर्व पट्टे जपून ठेवा. तोच तुमच्या बागेच्या मातीचा वर्णपट, खुंट-तारांसकट. फक्त छाटलेल्या काड्या ओळीत पडून आहेत का, हे पाहा. वाळलेल्या काड्या मातीपेक्षा उजळ दिसतात. बोदावर उसाचे पाचट किंवा बगॅसचे मल्चिंग असेल तर तो वेगळा घटक धरा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरचे चित्र ओल्या जमिनीचा नमुना देते. ओली काळी माती कोरडीच्या बऱ्याचदा निम्म्यावर येते, आणि ठिबकच्या बागेत बोद ओला, मधली जागा कोरडी अशी विभागणी होते. डिसेंबरच्या चित्रासाठी दोन्ही नमुन्यांच्या मधले मिश्रण मोकळे सोडा, बाकी काही नाही. पावसाळ्यानंतर दोन ओळींत तण असेल तर ते एलएआयमध्ये मोजले जाणारच. अशा बागा वेगळ्या काढा.

उलट चालवण्याची मांडणी अशी ठेवा. पानाचा रचना-अंक १.४ ते १.८, हरितद्रव्य २५ ते ६० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, पाणी ०.०१० ते ०.०२० सेंटिमीटर, कोरडा भाग ०.००३ ते ०.००८ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. या मर्यादा सुरुवातीच्या आहेत, बागेतली पाने वजन करून त्या आवळा. एककांत गल्लत फार होते: हरितद्रव्य मायक्रोग्रॅममध्ये आणि कोरडा भाग ग्रॅममध्ये आहे, आणि एसपीएडी मीटरचा (पानाला लावून हिरवेपणा मोजायच्या यंत्राचा) आकडा हा हरितद्रव्याचा आकडा नव्हे. सुमारे ५०,००० जोड्यांचा (मॉडेलला दिलेले आकडे आणि त्यांतून आलेले परावर्तन) तक्ता करा, प्रत्येक पट्ट्यात ३ ते ५ टक्के गोंगाट मिसळा, आणि सगळ्यात जवळची एकच जोडी न घेता जवळच्या १०० जोड्यांचा मध्यक घ्या. एकच जोडी घेतली की एलएआय आणि हरितद्रव्य एकमेकांची भरपाई करून कुठेही जाऊन बसतात: कमी पण गर्द पाने आणि जास्त पण फिकट पाने तांबड्या पट्ट्यात सारखीच दिसतात. त्यांना वेगळे करायला ५, ६, ७ हे रेड-एज पट्टे (तांबडा आणि निकट-अवरक्त यांच्या मधले) लागतात.

इथे जमिनीच्या तुकड्याचा आकार आडवा येतो. हे तीनही पट्टे २० मीटरचे आहेत. एक एकराचा चौकोनी तुकडा सुमारे ६४ बाय ६४ मीटर. बांधावरची झाडे आणि शेजारचा कांदा मिसळू नये म्हणून चारही बाजूंनी २० मीटर सोडले तर आत २४ मीटरचा चौकोन उरतो, म्हणजे २० मीटरचा जेमतेम एक पिक्सेल. १० मीटरच्या पट्ट्यांत १० मीटर सोडून १९ च्या आसपास पिक्सेल मिळतात. एकराच्या बागेत हरितद्रव्य आणि एलएआय दोन्ही मागू नका; फक्त एलएआय मागा. तीन-चार एकरांचा सलग तुकडा असेल तर दोन्ही मागता येतील.

मॉडेलला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, सेंटिनल-२ च्या आकड्यांतली वजाबाकी. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यातून १००० वजा करून मग १०,००० ने भागायचे असते. तांबडा १५०० आणि निकट-अवरक्त ४००० असा पिक्सेल घ्या. वजा न करता एनडीव्हीआय ०.४५ येतो, वजा केल्यावर ०.७१. जुन्या आणि नव्या चित्रांची मालिका जोडताना ‘हार्मोनाइज्ड’ (आकडे एकाच मापावर आणलेला) संग्रह वापरला तर ही अडचण राहत नाही. दुसरी, फवारणी. बोर्डो मिश्रणाचा निळसर पांढरा थर पानावर बसला की निळ्या, हिरव्या, तांबड्या पट्ट्यांत परावर्तन वाढते आणि मॉडेल त्याला हरितद्रव्याची घट समजते. फवारणीची डायरी हाताशी ठेवा, लगेचची तारीख वगळा, आणि निळा पट्टा जुळणीतून काढून टाका. प्लॅस्टिक किंवा गारपिटीची जाळी असलेल्या बागा सरळ वगळा. प्रकाश तिथे आधी प्लॅस्टिकमधून जातो आणि हे मॉडेल ते जाणत नाही.

पाहण्याच्या कोनाकडे थोडक्यात. सेंटिनल-२ एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीची जमीन पाहतो, त्यामुळे कडेची जमीन सुमारे १० ते १२ अंश तिरकी दिसते. सूर्य सकाळी आग्नेयेला असताना उपग्रह बागेच्या पूर्वेला असेल तर त्याला उन्हातली बाजू दिसते आणि बाग उजळ येते. पश्चिमेला असेल तर सावलीची बाजू दिसते. तुमची बाग दोन कक्षांच्या सामाईक पट्टीत असेल तर लागोपाठच्या तारखांना हे आलटून पालटून होते आणि मालिका करवतीसारखी दिसते. यावर कर्नल पद्धत आहे: परावर्तन = एक स्थिर भाग + पानांच्या गर्दीतल्या विखुरण्याचा भाग + सावल्यांच्या भूमितीचा भाग. मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या मालिकेत या भागांचे हेच तीन सहगुणक १६ दिवसांच्या निरीक्षणांवरून काढतात. पण मोडिसचा ५०० मीटरचा पिक्सेल म्हणजे २५ हेक्टर, साधारण ६२ एकर. त्यात द्राक्ष, कांदा, रस्ता, शेततळे सगळे येते. ते सहगुणक तुमच्या बागेचे म्हणून लावू नका. मालिका सपाट करण्यापुरते जागतिक सरासरी सहगुणक पुरेसे असतात, आणि मॉडेल उलटे चालवायचे असेल तर सपाट न केलेली मूळ चित्रे, त्यांच्या खऱ्या कोनांसह घ्या. दोन्ही एकदम केले तर कोनाची दुरुस्ती दोनदा होते. सेलमध्ये सापेक्ष दिगंश (सूर्य आणि उपग्रह यांच्या दिशांमधला आडवा कोन) शून्य म्हणजे सूर्य आणि डोळा एकाच बाजूला. काही सॉफ्टवेअरमध्ये ते उलटे असते. खात्रीसाठी सूर्याचा आणि उपग्रहाचा झेनिथ कोन (डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन) ३० अंशांवर ठेवून दिगंश ० ते १८० फिरवा. सगळ्यात उजळ जागा शून्यावर आली पाहिजे.

ड्रोनवर ही उजळ जागा डोळ्यांनी दिसते. सूर्य बरोबर पाठीमागे असतो तेव्हा कुठलीच सावली दिसत नाही आणि चित्रात एक पांढुरका डाग उमटतो. नाशिकला मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि २३ जुलैच्या आसपास सूर्य भरदुपारी डोक्यावर येतो. कॅमेऱ्याची दृष्टी ५० अंशांची असेल तर मेमध्ये पावणेअकरा ते सव्वादोन या वेळेत तो डाग चित्राच्या आत असतोच. उड्डाण नऊ ते दहाच्या दरम्यान करा.

शेवटी प्रत्यक्ष मापन, कारण त्याच्याशिवाय वरचे काहीच तपासता येत नाही. ९ बाय ५ फुटांत एका झाडाच्या वाट्याला ४.१८ चौरस मीटर जमीन येते; एलएआय २.४ म्हणजे एका झाडावर १० चौरस मीटर पाने. उत्पादनाच्या बागेत पूर्ण झाड कुणी ओरबाडू देणार नाही, म्हणून हंगामात एकदा तीन झाडे आणि बाकी वेळ फोटो. ५७ अंशांच्या आसपास पाहिले तर पाने आडवी असोत वा उभी, जी ०.५ च्या जवळच राहतो. मोबाईल सरळ वर रोखून मग ५७.५ अंश कलता करा (कोन मोजायचे ॲप लावा), पर्णसंभाराच्या खालून आभाळाचा फोटो घ्या, ऊन थेट भिंगावर पडत नसताना. फोटोत आभाळाचा वाटा मोजा; एलएआय = वजा १.०७ गुणिले त्या वाट्याचा नैसर्गिक लॉग. आभाळ १२ टक्के दिसले तर एलएआय सुमारे २.३. मांडवाखाली दहा-बारा फोटो पुरतात. वायमध्ये ओळीला आडवे, तिरके आणि समांतर असे तिन्ही दिशांना घ्या, प्रत्येक फोटो उभ्या पट्ट्यांत कापा, आणि प्रत्येक पट्टीचा लॉग आधी काढून मग सरासरी घ्या. आधी आभाळाची सरासरी आणि मग लॉग असे केले तर ओळींमधली मोकळी जागा पुन्हा पानांना खाऊन टाकते, आणि जमिनीवरच्या मापनातूनही तोच १.३ बाहेर येतो.